पैशांचा तास: शाळेत मुलांना हिशोब शिकवायचा तर

डिसेंबरातली गोष्ट. सहावीच्या फळ्यावर मी एक उदाहरण घातलं. ट्रॉलीत १८ क्विंटल कांदा, भाव क्विंटलला १,४०० रुपये, तर एकूण किती? नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली मुलं, त्यात कांद्याचं उदाहरण, हात पटापट वर आले. २५,२०० रुपये. सगळ्यांचं बरोबर. मग मी विचारलं, "यातले घरी किती आले?" वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे राहिले ना अजून. आणि मजुरांचे पण."

आपल्या मुलांना गणित येतं, हिशोब येत नाही, हे मला त्या तासाला नीट दिसलं. पुस्तकात काही कमी आहे असं नाही. नफा-तोटा आहे, सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढ व्याज येतं, नववी-दहावीच्या गणितात तर 'अर्थनियोजन' असं अख्खं प्रकरण आहे. कमी आहे ती एवढीच गोष्ट: पैसा मुलांच्या हातून जाणं, उरणं, बुडणं, आणि ते त्यांनी स्वतः लिहून ठेवणं. त्यासाठी मी वर्षभर काय करते ते इथे क्रमाने सांगते. वेगळा विषय लागत नाही, वेगळी पुस्तकं लागत नाहीत. आठवड्यातला अर्धा-पाऊण तास पुरतो. शनिवारची सकाळची शाळा याला सगळ्यात सोयीची. मी हे मुख्यतः पाचवी ते आठवीसाठी लिहिते आहे, पण सुरुवात तिसरी-चौथीपासून करता येते.

जूनमध्येच ठरवायच्या दोन गोष्टी

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आधी सांगा. पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि दोन नियम सगळ्यांसमोर बोलून टाका.

पहिला नियम: घरातलं उत्पन्न, कर्ज, जमीन यांबद्दल वर्गात एकही प्रश्न विचारायचा नाही. हा नियम मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी मी मुलांना 'आमच्या घरचं महिन्याचं उत्पन्न आणि खर्च' लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलाने कोरा कागद दिला आणि पुढचे दोन दिवस तो शाळेत आलाच नाही. त्यांच्या द्राक्षबागेचं त्या वर्षी गारपिटीने काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण ते दोन दिवस परत आणता आले नाहीत. तेव्हापासून वर्गात एक काल्पनिक कुटुंब असतं. पाच माणसं, थोडी शेती, एकाची कंपनीत नोकरी. सगळे आकडे त्यांचेच.

दुसरा नियम: विमा, फंड, शेअर, क्लास किंवा ॲप विकणाऱ्या कोणालाही वर्गात बोलवायचं नाही. 'मोफत मार्गदर्शन' म्हणून आले तरी नाही. माणसं बोलवायचीच असतील तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं आर्थिक साक्षरता केंद्र आहे, पोस्टमास्तर आहेत, बचत गटातल्या ताई आहेत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी चाचणी घेतं आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षणही देतं. रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह दर फेब्रुवारीत असतो, बाहेरचे पाहुणे त्या आठवड्यात बोलवले की बरं पडतं.

मोड आणि नोट

तिसरी-चौथीला प्लास्टिकची नाणी देऊ नका. खरी नाणी द्या, मोजून द्या, मोजून परत घ्या. दुकान मांडा आणि मोड कशी द्यायची ते दुकानदाराच्या पद्धतीने शिकवा. वस्तू ३७ रुपयांची, नोट ५० ची. वजाबाकी करायची नाही, पुढे मोजत जायचं: अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि हे दहा, पन्नास. अलीकडे बऱ्याच मुलांना एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांतला फरक चटकन कळत नाही. दुकान खेळता खेळता तोही पक्का होतो.

एक तास फक्त नोट बघण्यासाठी ठेवा. मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, तीत १५ भाषा. मराठी वरून आठवी. मुलांना शोधू द्या, सांगू नका.

वही

पाचवीपासून प्रत्येकाला एक दोनशे पानी वही. खाऊच्या पैशांचा हिशोब लिहा असं मात्र सांगू नका, कारण अर्ध्या वर्गाला खाऊचे पैसे मिळतच नाहीत. मी 'वस्तूंची वही' लिहायला लावते. पेन, वही, साबण, रबर, चप्पल: कधी आणली, कितीला, किती दिवस पुरली. त्यावरून एका दिवसाला किती पडली. ५ रुपयांचं पेन चार दिवस चाललं आणि १० रुपयांचं बारा दिवस, तर स्वस्त कोणतं? हा प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो, घर कसंही असो.

चार आठवड्यांनी त्याच वहीत एक रकाना वाढवायचा: गरज की हौस. इथे शिक्षकाने तोंड आवरलं पाहिजे. जत्रेतल्या पाळण्यावर गेलेले वीस रुपये हौसेचे, पण म्हणून चुकीचे नव्हेत. हौस लिहून करावी, एवढंच सांगायचं. उपदेश सुरू केला की मुलं वहीत खोटं लिहायला लागतात, आणि खोटी वही कोऱ्या वहीपेक्षा वाईट.

याच वहीत मोबाइलचा रिचार्ज येतो. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. ३६५ ला २८ ने भागायला लावा. वर्षाला तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. हे उत्तर मुलं घरी जाऊन सांगतातच, सांगावं लागत नाही.

हिशोबपट्टीचा तास

आता डिसेंबरच्या त्या उदाहरणाकडे येते. आपल्या जिल्ह्यात लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतसारख्या बाजार समित्या आहेत, आणि गावोगावच्या घरांत हिशोबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या पावत्या, पडलेल्या असतात. त्यातल्या एका जुन्या पट्टीवरची नावं झाकून झेरॉक्स काढा आणि भाषेच्या धड्यासारखी वाचून घ्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, देय रक्कम. शब्दाशब्दाचा अर्थ विचारा. शहरातल्या शाळेत विजेचं बिल किंवा किराण्याची पावती घ्या, रीत तीच.

मग फळ्यावर काल्पनिक कुटुंबाचा हिशोब मांडा. आकडे माझे, सरावापुरते. विक्री २५,२००. हमाली, तोलाई, वाराई मिळून ३००. गाडीभाडं १,८००. हातात आले २३,१००. पण रोप, लागवडीची मजुरी, खत, औषधं आणि काढणी यांवर आधीच १७,५०० गेलेत. उरले ५,६००. आणि हे पाच महिन्यांचे, म्हणजे महिन्याला १,१२०. यात आईवडिलांची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. ती धरायची का? या प्रश्नावर माझ्या वर्गात एकदा पूर्ण तास वाद झाला. मी तो थांबवला नाही, कारण उत्पादनखर्चावर मोठी माणसं भांडतात तीही नेमकी याच प्रश्नावर.

त्यानंतर भाव ९०० करा. विक्री १६,२००, खर्च तेवढाच. ३,४०० चा तोटा. शेवटी विचारा की कोणत्या भावाला ना नफा ना तोटा. १९,६०० भागिले १८, म्हणजे क्विंटलला साधारण १,०८९ रुपये. हा आकडा मुलांनी स्वतः काढला की टीव्हीवरच्या कांद्याच्या बातमीत 'भाव' हा शब्द त्यांना वेगळा ऐकू येतो.

व्याज शिकायला पांडवलेणीत

सहलीसाठी लांब जायला नको. त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेणीत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कोरवलेला. तो वाचता येत नाही म्हणून आपण मुलांना घेऊन पुढे निघून जातो. थांबा तिथे. व्याजाचा यापेक्षा चांगला धडा मला कुठे सापडलेला नाही.

त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले. ते वाटून टाकले नाहीत, गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांची संघटना. गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखात स्पष्ट म्हटलंय. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, लेण्यात वर्षावासाला म्हणजे पावसाळ्यात मुक्कामी राहणाऱ्या २० भिक्षूंना दरवर्षी प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे.

आता मुलांना वही काढायला लावा. २,००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. हिशोब तंतोतंत जुळतो. पायऱ्यांवर बसून हा गुणाकार जुळताना बघणाऱ्या मुलांचे चेहरे मी विसरू शकत नाही. दुसऱ्या ठेवीचं व्याज त्यांनाच काढू द्या, ९० येईल. मग विचारा, एकाच माणसाने दोन ठिकाणी वेगळ्या दराने का ठेवलं असेल? सगळं एकाच जागी का नाही? लेख कारण सांगत नाही, तेव्हा मुलांची सगळी उत्तरं ऐकून घ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नसतं. हिवाळ्यातली सकाळ निवडा, चढ सोपा जातो.

परत आल्यावरचा तास महत्त्वाचा. लेखातला दर 'दरमहा' आहे आणि आपल्या पुस्तकातला 'द.सा.द.शे.' म्हणजे दर साल. गावात खाजगी सावकार "दोन टक्क्यांनी देतो" म्हणतो तेव्हा तो महिन्याचे दोन टक्के सांगत असतो, वर्षाचे २४. बँकेतला नऊ टक्के दर ऐकून "नऊ केवढे, सावकाराचे दोनच" असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. व्याजाच्या प्रत्येक उदाहरणाआधी 'महिन्याचा की वर्षाचा?' हे मोठ्याने विचारायची सवय वर्गाला लावा.

चक्रवाढ शिकवताना ७२ चा आडाखा द्या. ७२ ला वार्षिक दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ६ टक्क्यांनी बारा वर्षं, २४ टक्क्यांनी तीन. मग 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीवर बोला: तळ्यासारखं कर्जही असंच साचतं.

"प्रेसमध्ये जास्त नोटा का नाही छापत?"

नाशिकच्या मुलांचा हा हक्काचा प्रश्न. नाशिकरोडला नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे. कोणाचे तरी काका, आजोबा तिथे कामाला असतात. तेव्हा उत्तर टाळू नका, लिलाव मांडा. बाजार समितीचा लिलाव या मुलांना सवयीचा असतो.

टेबलावर पाच पेन्सिली. वर्गात कागदाच्या १०० चिठ्ठ्या वाटा, एक चिठ्ठी म्हणजे एक रुपया. लिलाव करा, भाव फळ्यावर लिहा. चिठ्ठ्या परत गोळा करून आता २०० वाटा. पेन्सिली पाचच. पुन्हा लिलाव. भाव चढतो, आणि कोणीतरी ओरडतंच, "बाई, पैसे वाढले पण पेन्सिली कुठे वाढल्या?" महागाईची व्याख्या यानंतर सांगा किंवा सांगू नका, कळायचं ते कळलेलं असतं. घरचा अभ्यास म्हणून आजीला विचारून यायला सांगा: तिच्या लग्नात तांदूळ काय भावाने होते, तेल काय भावाने होतं, आणि बाईची दिवसाची मजुरी किती होती. शेवटचा प्रश्न विसरू नका. नुसते जुने भाव ऐकून मुलांना वाटतं पूर्वी सगळं स्वस्तच होतं.

पैशाला किंमत कशाने येते, हेही इथेच निघतं. १९०६ साली जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. चांदी तीच, राजा बदलला. आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा कागद तोच होता, त्यामागचा सरकारचा शब्द मागे घेतला गेला. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, त्र्यंबकच्या रस्त्यावर. पांडवलेणीच्या सहलीला ते जोडून घेता येतं.

खरी कमाई

स्काउट-गाइडमध्ये 'खरी कमाई' हा उपक्रम जुनाच आहे, आणि आनंद मेळावा बहुतेक शाळांत होतो. पण तिथे आई रात्रभर जागून पदार्थ करते, बाबा स्टॉल लावतात आणि शिक्षक उरलेली भेळ विकत घेतात. मुलांच्या वाट्याला फक्त ओरडणं येतं. हे बदललं पाहिजे.

दिवाळीआधी करा. तीस मुलांचे सहा गट. प्रत्येक गटाला वर्गनिधीतून २०० रुपये कर्ज, पंधरा दिवसांनी २१० परत. त्याआधी गटाने एक पान लिहून द्यायचं: काय विकणार, कोण घेणार, कितीला पडणार, कितीला देणार, उरलं तर काय करणार. पान नीट नसेल तर कर्ज नाही. मी एका गटाचं पान तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा आलं ते फार छान होतं.

स्टॉलवर गल्ला आळीपाळीने. हे मुद्दाम सांगते, कारण न सांगता सोडलं की मुली कांदा चिरतात आणि मुलगे पैसे मोजतात. दर अर्ध्या तासाला गल्लेवाला बदलायचा आणि बदलताना रोकड मोजून लिहायची.

दुसऱ्या दिवशी हिशोब. एका भेळवाल्या गटाने ४६० रुपयांची विक्री केली आणि ४६० नफा झाला म्हणून नाचले. मग बसलो. कर्ज २००, व्याज १०, आणि घरून 'फुकट' आणलेला कांदा, चिंच, गूळ साधारण ९० रुपयांचा. उरले १६०. पाच जण, प्रत्येकी तीन तास, म्हणजे पंधरा तास. तासाला दहा रुपये सदुसष्ट पैसे. एक मुलगा बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला, "आई तर रोजच एवढं करते."

व्याजावरही बोला. २०० वर १० म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पंधरा दिवसांना ५ टक्के, वर्षात असे चोवीस पंधरवडे, म्हणजे साधं धरलं तरी १२० टक्के. वर्गाने मला सावकार म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. हा दर मी शिकवण्यासाठीच ठेवते.

तोटा झालेल्या गटाला वाचवू नका. दया म्हणून माल विकत घेऊ नका. पण घरून पैसे आणून भरायलाही लावू नका. त्यांना जानेवारीत दुसरी संधी द्यायची, जुनं कर्ज त्यात फेडायचं. तोट्याचा हिशोब वर्गासमोर मांडणाऱ्या गटाला मी सगळ्यात जास्त शाबासकी देते.

बँक, पतसंस्था, फोन

पूर्वी शाळाशाळांतून संचयिका चालायची, मुलंच बँक चालवायची. ती परत आणणं आपल्या हातात नसलं तरी खातं उघडणं हातात आहे. पालकांमार्फत कोणत्याही वयाच्या मुलाचं खातं निघतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत ते स्वतः चालवताही येतं, पोस्टातही येतं. आधी कोऱ्या स्लिपा आणून वर्गात भरायचा सराव करा: अंकात, अक्षरात, तारीख, सही. मग शाखेत न्या. पासबुकातलं 'जमा' आणि 'नावे' मुलांनी स्वतः वाचून दाखवलं पाहिजे.

ठेव विम्याबद्दल सातवी-आठवीत सांगाच. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, २०२० पासून. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थांच्या ठेवींना नाही. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं. 'पतसंस्था' आणि 'बँक' त्यांना एकच वाटायचं, शिवाय व्याज दीड टक्का जास्त होतं. निवृत्तीचे पैसे अडकले ते बरीच वर्षं. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, अनेक घरं त्यांनी उभी केली आहेत. पण पाटीवर काय लिहिलंय ते वाचून मगच पैसे ठेवावेत, आणि ते वाचायला मुलांनी शिकावं.

फोनचा तास नाटकातून घ्या. एक मुलगा आजोबा, दुसरा 'बँकेतून बोलतोय' वाला. तीन गोष्टी पाठ झाल्या पाहिजेत. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन. बऱ्याच घरांत आजोबांचा फोन नातवंडंच चालवतात, म्हणून हा तास एका मुलाला दिला तरी पोचतो दोघांना.

नववी-दहावीसाठी मी वेगळं फार काही करत नाही. 'अर्थनियोजन' प्रकरणातला जीएसटी शिकवताना खऱ्या बिलावरचा जीएसटी वाचायला लावा आणि शेअरच्या उदाहरणात भाव पडल्याचंही एक गणित घाला. तेवढं पुरे.

मार्चमध्ये

याची लेखी परीक्षा घेऊ नका. वही बघा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: वर्षभरात कोणता खर्च बदललास, आणि का? "कोणताच नाही" हेही उत्तर चालतं, कारण सांगता आलं पाहिजे.

वर्गनिधीचे १,२०० रुपये आम्ही शिक्षकांनी मिळून एकदाच घातले होते. उषवदाताच्या लेखात अशा ठेवीला 'अखयनिवी' हा शब्द आहे, अक्षय राहणारं भांडवल. मुलांनी तोच आमच्या पत्र्याच्या डब्यावर लिहिला. मूळ रक्कम तशीच राहते, व्याजातून पुढच्या वर्गाची हिशोबाची वही येते. शेवटच्या शनिवारी सहावीची मुलं डबा, किल्ली आणि हिशोबाची वही पाचवीच्या हाती देतात. पाचवीने आधी दोघांदोघांनी रोकड मोजायची, वहीतल्या आकड्याशी ताडून बघायची, आणि जुळली तरच सही करायची.